अभिलेख दूताची कैफियत

खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसावर कोणते पद कधी येऊन आदळेल याचा नेम नसतो. सहल समिती, आग विझवण्याचे प्रात्यक्षिक आणि दिवाळीची रांगोळी ही संकटे मी यथाकाल भोगून मोकळा झालो होतो. परंतु अभिलेखांची, म्हणजे जपून ठेवायच्या कागदपत्रांची, काळजी वाहणारी 'अभिलेख दूत' नावाची काही जमात असते आणि प्रत्येक विभागातून एक बळी देऊन ती तयार केली जाते, हे महापे येथील आमच्या कार्यालयात परिपत्रक फिरेपर्यंत मला ठाऊक नव्हते. या परिपत्रकाला एक पूर्वपीठिका होती. लेखापरीक्षकांनी एक जुना करार मागितला होता. तो सर्व मजल्यांवर, सर्व कपाटांत आणि सर्वांच्या आठवणींत शोधण्यात आला, आणि अखेरीस झेरॉक्स यंत्राच्या लंगड्या पायाखाली, चार घड्या घातलेल्या अवस्थेत, गेली कित्येक वर्षे कंपनीची निष्ठेने सेवा करीत असताना सापडला. यावरून व्यवस्थापनाने असा निष्कर्ष काढला की कर्मचाऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव आहे. यंत्राचा पाय दुरुस्त करावा, असे कोणीही सुचवले नाही.

जागृतीसाठी सप्ताह ठरला. ९ जून १९४८ रोजी युनेस्कोच्या आश्रयाने आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषद स्थापन झाली आणि म्हणून जगभर तो दिवस अभिलेखागार दिन म्हणून पाळला जातो, अशी माहिती मनुष्यबळ विभागातल्या एका उत्साही मुलीने काढली. जगातल्या अभिलेखपालांनी ही तारीख निवडताना कोकणपट्टीतल्या मान्सूनचा विचार केलेला नव्हता, आणि दुर्दैवाने आमच्या व्यवस्थापनानेही केला नाही.

पहिल्या दिवशी व्याख्यान झाले. वक्ते मोठे अभ्यासू होते. त्यांनी आयएसओ १५४८९ हे दप्तर सांभाळण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००१ साली आले व २०१६ साली सुधारले गेले, येथपासून आरंभ केला आणि उत्तम अभिलेख हा अस्सल, विश्वासार्ह, अखंड आणि वापरण्याजोगा असावा लागतो, असे चार गुण फळ्यावर लिहून दाखवले. या चारही कसोट्यांना उतरेल असा आमच्या विभागात एखादा माणूसही सापडणे कठीण, मग कागदाची काय कथा, असे माझ्या मनात येऊन गेले. त्यानंतर त्यांनी १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा उल्लेख केला आणि नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, असे सांगितले. हा कायदा केंद्र सरकारच्या कागदांसाठी आहे, तुम्हा खासगी कंपनीवाल्यांना तो लागू नाही, हेही त्यांनी लगेच पुढच्या वाक्यात स्पष्ट केले. परंतु 'कैद' या शब्दानंतरचे वाक्य ऐकण्याची सभागृहाची तयारी उरली नव्हती. त्या दुपारी कोणीही कचऱ्याच्या टोपलीत काहीही टाकले नाही. चहाच्या टपरीची चिठ्ठीसुद्धा लोकांनी खिशात जपून नेली.

घोषवाक्य स्पर्धेचे फार सांगण्यासारखे नाही. 'कागद जपाल तर कागद तुम्हाला जपेल' या ओळीला पहिले बक्षीस मिळाले आणि ती छापून सर्व कपाटांवर चिकटवण्यात आली. मुळात दुखणे हे होते की आम्ही सर्वच कागद जपत होतो, आणि त्यामुळे हवा तो कागद नको त्या शंभर कागदांखाली दडून बसत होता. हे मी अभिलेख दूत या नात्याने बैठकीत मांडले. ते इतिवृत्तात घेण्यात आले. ते इतिवृत्त कोठे ठेवले आहे, याची मी चौकशी केलेली नाही.

प्रश्नमंजूषेत हिशेबाची पुस्तके किती काळ ठेवावी लागतात, या प्रश्नाला लेखा विभागातल्या बाईंनी, कंपनी कायदा २०१३ प्रमाणे किमान आठ आर्थिक वर्षे, आणि वस्तू व सेवा कराचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, असे न विचारलेल्या प्रश्नासह उत्तर दिले. खरेदी विभागाचे उत्तर 'साहेबांची बदली होईपर्यंत' असे होते. परीक्षकांनी त्याला गुण नाकारले. अनुभवाची किंमत परीक्षेत कधीच होत नाही.

खरी गंमत झाली ती प्रदर्शनाची. कंपनीचे जुने दप्तर भिवंडीच्या एका गोदामात खोक्यांत भरून ठेवलेले असते. त्यातली काही खोकी मागवावीत आणि कर्मचाऱ्यांना आपला वारसा दाखवावा, अशी कल्पना निघाली. टेम्पो आला तो उघडा. शीळफाट्यावर नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली, पारसिकच्या डोंगरावर सकाळपासून टेकलेल्या ढगांनी नेमकी हीच वेळ साधली, आणि आमचा वारसा शीळ-महापे रस्त्याने आंघोळ करीत कार्यालयात दाखल झाला.

यानंतर जे घडले, ते कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. दप्तर सांभाळणाऱ्या काकांनी, ज्यांना सप्ताहाच्या कोणत्याच समितीत घेतलेले नव्हते, एकदम सूत्रे हाती घेतली. "इस्त्री फिरवायची नाही, हीटर लावायचा नाही, पंखे चालू करा आणि एकेक कागद सुटा करा," असे त्यांनी बजावले, आणि महाव्यवस्थापकांपासून शिपायापर्यंत सर्वजण सभागृहाच्या जमिनीवर कुरडया वाळत घालाव्यात तसे कागद मांडत बसले. व्याख्यानात पेंगणारी माणसे आता एकमेकांना हाका मारून कागद वाचून दाखवू लागली. एका खोक्यावर 'अत्यंत महत्त्वाचे' असे लाल अक्षरांत लिहिले होते. त्यात विविध बँकांनी पाठवलेली दिवाळीची शुभेच्छापत्रे निघाली. 'इतर' असे लिहिलेल्या खोक्यात कारखान्याच्या जागेची मूळ कागदपत्रे होती. एका माजी अधिकाऱ्यांचा रजेचा अर्ज सापडला, ज्यात 'आजी वारल्यामुळे' असे कारण होते, आणि पुढच्याच वर्षीच्या फाइलमध्ये त्याच आजी पुन्हा वारल्याचेही आढळले.

प्रत्येक कागदापाशी एकच प्रश्न येत होता: "काका, हे ठेवायचे की टाकायचे?" इतकी वर्षे हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाला आहे हेच कोणास ठाऊक नव्हते. टाकले आणि उद्या मागितले तर गळ्याशी येणार, ठेवले तर कोणी काही बोलणार नाही. तेव्हा शहाणा माणूस ठेवतो, आणि शहाण्या माणसांनी भरलेल्या कार्यालयात काहीही सापडत नाही.

घरी हे सांगितले तेव्हा माझी पत्नी मनापासून हसली. ती सरकारी नोकरीत आहे. "आमच्याकडे 'अ' म्हणजे कायम, 'ब' म्हणजे तीस वर्षे, 'क' म्हणजे दहा आणि 'ड' म्हणजे वर्षभराने निरोप. कारकून झाल्यावर पहिल्या महिन्यात शिकवतात. तुम्हाला त्यासाठी सप्ताह लागतो?" असे म्हणून तिने माझ्या कपाटातल्या जुन्या बिलांच्या गठ्ठ्याकडे 'ड' वर्गाच्या नजरेने पाहिले.

दुसऱ्या दिवशी काका, लेखा विभागातल्या बाई आणि मी असे तिघांनी बसून एका पानाचा साध्या मराठीतला तक्ता केला: कोणता कागद, कोणाकडे, किती काळ, आणि मुदत संपल्यावर सही कोणाची. वाद किंवा खटला चालू असेल तर मुदत संपली तरी हात लावायचा नाही, ही ओळ ठळक केली. घोषवाक्य काढून त्या जागी तो तक्ता लावला, आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी दोन तास कामाच्या वेळेतच आवराआवरीसाठी मिळावेत, असे मंजूर करून घेतले. बक्षिसांनी जे झाले नाही ते कागद फाडण्याच्या यंत्राने केले. माणसाला अधिकृतपणे काहीतरी फाडायला मिळते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते मी वार्षिक पगारवाढीच्या वेळीही पाहिलेले नाही. नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही मात्र कायम जपायची असते, हे काकांनी सांगितले तेव्हा काही जणांचा हिरमोड झाला.

सध्या माझी अडचण वेगळीच आहे. खरेदी विभागातले एक सद्गृहस्थ मागच्या शुक्रवारी एक जाडजूड फाइल घेऊन यंत्रासमोर रांगेत सर्वांत पुढे उभे होते. मी उघडून पाहिली तर ती त्यांच्याच विरुद्धच्या चौकशीची होती. "अहो, ही अजून प्रलंबित आहे, तक्त्यातली ठळक ओळ वाचा," असे मी त्यांना नम्रपणे सांगितले. त्यांनी ती ओळ चष्मा लावून दोनदा वाचली, जागृती झाल्याचे मान्य केले, आणि चौकशी साधारण कोणत्या शुक्रवारपर्यंत संपेल, असे मला विचारले.