‘ऑइल हीटर निम्मी वीज खातो’ म्हणे! त्या फॉरवर्डचा हिशोब

परवा सकाळी मामांनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला आणि दुपारपर्यंत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी कंपनीच्या ग्रुपवर पण. "घरात गॅसची लाइन नाही? मग थंडीसाठी कोणता हीटर घ्याल?" असं हेडिंग आणि खाली हिरव्या टिका, लाल फुल्या. म्हणणं थोडक्यात असं: ऑइल हीटर ब्लोअरच्या (पंख्याने गरम हवा फेकणाऱ्या हीटरच्या) निम्म्या विजेत तेवढीच ऊब देतो, लाल रॉडचा हीटर ऑक्सिजन जाळतो, हॉट-अँड-कोल्ड एसीने सगळ्यात जास्त बिल येतं, हीटर आणि गिझर सारखे बंद-चालू करण्यापेक्षा बारीकवर चालूच ठेवलेले स्वस्त पडतात, आणि कुठलाही हीटर घरातल्या साध्या सॉकेटला चालतो.

मी नाशकात अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे, दिवसभर मोटरी आणि पॅनल बघतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. आधी एक सांगतो, हे मुळात आपल्याकडचं नाहीच. गॅसवर घर गरम करतात ते इंग्लंड-अमेरिकेत, तिकडे बॉयलर असतो, भिंतीत इन्सुलेशन असतं, खिडक्यांना दोन-दोन काचा. आपल्याकडे विटांची भिंत, वर तापणारा नि गार पडणारा स्लॅब, आणि स्लायडिंगच्या फटीतून येणारा वारा. निफाडचा पारा घसरला की पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो आणि आपण नाशकात स्वेटर शोधायला लागतो, पण त्याच दिवशी दुपारी अंगणात ऊन खुपतं. म्हणजे आपल्याला ऊब हवी ती रात्री आठ ते अकरा आणि पहाटे थोडा वेळ, दिवसभर नाही. तिकडचा सल्ला जसाच्या तसा इकडे चिकटवला की असा गोंधळ होतो.

आता ऑइल हीटर. हे सगळ्यात जास्त पसरलंय म्हणून यावर जरा थांबतो. एक युनिट वीज म्हणजे १००० वॉटचं काहीतरी तासभर चालणं, आणि त्यातून उष्णता निघते ८६० किलोकॅलरी. ती ऑइल हीटरमधून काढा, ब्लोअरमधून काढा, क्वार्ट्झच्या, म्हणजे त्या लाल होणाऱ्या, रॉडमधून काढा, नाहीतर बादलीत टाकायच्या रॉडमधून काढा, ८६० च. तेल जळत नाही, संपत नाही, त्यातून वीज वाचत नाही, ते फक्त आतल्या एलिमेंटची उष्णता धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. बंद केल्यावरही बाहेरचे उभे पत्रे (फिन) थोडा वेळ गरम राहतात, म्हणून लोकांना वाटतं फुकटात ऊब आली. अहो ती आधीच भरलेली होती, चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं कुडकुडत बसलात तेव्हा.

मग ऑइल हीटर घेऊ नये का? तसं नाही. आवाज नाही, उजेड नाही, तार लाल होत नाही, लहान मूल किंवा म्हातारं माणूस झोपलेल्या खोलीत तो बराच बरा. पण घ्यायचा तो या कारणासाठी, निम्म्या बिलाच्या आशेने नाही. आणि एकटाच माणूस टेबलाशी बसून काम करत असेल तर ८०० वॉटचा क्वार्ट्झ हीटर जास्त कामाचा, कारण तो हवा तापवत बसत नाही, समोरच्या माणसाला शेकतो, शेकोटीसारखा. पाठ गार राहते ते वेगळं.

ऑक्सिजनचं तर सरळ खोटं आहे. रॉडमध्ये काही जळतच नाही, तार तापून लाल होते एवढंच, बल्बमधली तापायची तसंच. पहिल्या दिवशी वास येतो तो वर्षभर साचलेल्या धुळीचा. डोळे चुरचुरतात, ओठ फुटतात, कारण हवा तापली की तीच हवा कोरडी वाटते, ऑइल हीटरने पण वाटते. खरा जीव घेणारा प्रकार वेगळाच, कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणं. त्यात कार्बन मोनॉक्साइड होतो, वास नाही, धूर नाही, माणूस झोपेतून उठतच नाही. बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गिझरची पण तीच भीती, हवा जायला जागा नसेल तर. फॉरवर्डवाल्याने विजेच्या रॉडवर लाल फुली मारली आणि शेगडीचं नाव पण घेतलं नाही, याचा मला खरा राग आला.

पुढे एसी. इथे फॉरवर्ड बरोब्बर उलटं सांगतो. हीटर विजेची उष्णता करतो, एसी बाहेरची उष्णता आत ओढून आणतो, वीज फक्त ओढण्याची हमाली. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, गरम लागतं ना, ती आतल्या दुधा-भाजीतून काढलेली उष्णता (आणि कॉम्प्रेसरची थोडी). हॉट-अँड-कोल्ड एसी हेच घराच्या बाबतीत करतो, बाहेर १० डिग्री असली तरी त्या हवेतही उष्णता असतेच. आपल्या थंडीत एका युनिटला साधारण तीन युनिटची ऊब मिळते. समजा खोलीला रात्रीला ६ युनिटची उष्णता लागते, तर ६० रात्रींचे हीटरने ३६० युनिट होतात आणि एसीने १२० च्या आसपास. महिन्याला १८० युनिट वाढले की बिलाच्या १०१ ते ३०० युनिटच्या स्लॅबमधला (दराच्या टप्प्यातला) माणूस सहज ३०१ च्या वर जातो. (स्लॅब ओलांडला की सगळेच युनिट महाग होतात असंही एक फॉरवर्ड फिरत असतं, तसं नसतं, वरचे तेवढेच वरच्या दराने लागतात.)

पण घाई करू नका. घरातल्या साध्या एसीला ३० वर ठेवलं की तो गरम हवा देत नाही, नुसता पंखा फिरतो, आमच्या शेजाऱ्यांनी आठवडाभर हा प्रयोग केलाय. खोक्यावर हॉट-अँड-कोल्ड लिहिलेलं हवं, त्यात गॅसची दिशा उलटवणारा व्हॉल्व्ह असतो. निफाडसारखी पहाट असेल तर एसीच्या बाहेरच्या युनिटवर दव गोठतं, मग मशीन मधेच थांबून ते वितळवून घेतं, तेवढा वेळ गरम हवा येत नाही, ती बिघाड समजून मेकॅनिकला फोन करू नका. झडप खाली करून ठेवा, गरम हवा तशीही छताकडेच पळते. आणि एप्रिल-मेमध्ये एसी लागतच नसेल तर दोन महिन्यांच्या थंडीसाठी एवढा खर्च काढायला वर्षं जातील, त्यापेक्षा खिडकीच्या फटींना फोमची पट्टी लावा, दुपारी पडदे उघडून ऊन आत घ्या आणि पाचलाच खिडक्या लावून टाका.

रात्रभर बारीकवर ठेवण्याचं म्हणाल तर, गळकी टाकी रात्रभर भरलेली ठेवली तर पाणी जास्त गळेल का सकाळी लागेल तेव्हा भरली तर? खोली बाहेरच्यापेक्षा जितका वेळ गरम, तितका वेळ उष्णता भिंतीतून जातच राहणार. गिझरचं पण तेच. १५ लिटर पाणी १८ वरून ४५ डिग्रीला न्यायला जेमतेम अर्धं युनिट लागतं, २००० वॉटच्या गिझरला पंधरा मिनिटं पण लागत नाहीत. अंघोळीआधी लावा, नंतर बंद. गच्चीवर सोलर असेल तर हा प्रश्न तसाही ढगाळ दिवसांपुरताच.

राहिलं साधं सॉकेट. हे वाचून मला पंचवटीतली मावशीच आठवली. मागच्या डिसेंबरात तिने २००० वॉटचा हीटर आणला, त्याची पिन जाड, म्हणून कन्व्हर्टर लावून टीव्हीच्या बोर्डात खुपसला. २००० ला २३० ने भागा, पावणेनऊ अँपियर होतात, आणि ते सॉकेट ६ अँपियरचं. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तिचा फोन, "अरे, मासळी सडल्यासारखा वास येतोय टीव्हीमागून, बघ ना जरा." घरात मासळी कधी आणलेली नाही! जाऊन बघतो तर सॉकेटचं एक भोक काळं पडून वितळलेलं आणि कन्व्हर्टर त्यातच चिकटलेला, मेन बंद करून पकडीने ओढून काढावा लागला. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही कारण तो १६ अँपियरचा होता, त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच चाललेलं. हीटरला १६ अँपियरचा पॉवर पॉइंट, त्याला मेनपासून वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग, हे हवंच. एक्स्टेंशन बोर्ड नको.

मावशीला तेव्हापासून शंभर वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट दिलंय, झोपायच्या आधी अर्धा तास लावते आणि अंथरुणात शिरताना बंद करते, कारण तिला शुगर आहे, पायाला चटका बसला तरी कळत नाही. महिन्याला दोन युनिट पण होत नाहीत. आता तिला तो फॉरवर्ड आलाय आणि परत ऑइल हीटर हवाय, म्हणून या रविवारी पॉवर पॉइंट टाकायला जातोय. वायर आणून ठेवलीय. तो वितळलेला कन्व्हर्टर पण सापडला ड्रॉवरमध्ये, फोटो काढून मामांच्या मेसेजखाली टाकलाय.