40 फेऱ्या आणि 900 जवान

भाची आठवीत आहे. 26 जुलैला शाळेत कारगिलवर भाषण करायचंय म्हणून ती जो कागद पाठ करत होती तो परवा हातात घेतला, आणि डोकंच फिरलं. मावशीच्या ग्रुपवर दर जुलैत येणारा तोच मजकूर, शब्दन्‌शब्द! ‘भारताची एकमेव महिला वैमानिक गुंजन सक्सेना हिने कारगिल युद्धात एकटीने 40 फेऱ्या मारून 900 जखमी जवानांना वाचवले, रायफल चालवून शत्रूला रोखले आणि शौर्य चक्र मिळवले. मीडिया हे दाखवणार नाही.’ अहो, तिच्यावर अख्खा हिंदी सिनेमा निघालाय. अजून काय दाखवायचं?

आधी तो आकडा. 900 भागिले 40, म्हणजे दर फेरीला 22 माणसं. हेलिकॉप्टर कुठलं, तर चीता. आम्ही नाशिकरोडची माणसं. गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे चेतक-चीता आमच्या गच्चीवरून रोजचे. चीता म्हणजे पुढे काचेचा फुगा, मागे उघडा सांगाडा, इंजिन एकच. आत जागा पाच जणांची, पायलट धरून. स्ट्रेचर घातलं की त्यातल्याही कमी. आणि ही झाली सपाटीवरची गोष्ट. द्रास गावच 10 हजार फुटांच्या वर आहे, लढाई चालली होती ती त्याहून कितीतरी उंच. तिथे हवा विरळ, पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो. म्हणून इंधनसुद्धा मोजून न्यायचं आणि एक, फार तर दोन जखमी घेऊन निघायचं. 22 माणसं चीतात कोंबायला ती काय वडाप आहे?

दुसऱ्या बाजूने बघा. कारगिलमधल्या भारतीय जखमींचा सरकारी आकडा 1,363 आहे, हुतात्म्यांचा 527. त्यातले 900 जखमी एकाच पायलटने आणले असतील, तर हवाई दलाची आणि आर्मी एव्हिएशनची बाकीची हेलिकॉप्टरं तिथे काय करत होती? ती सगळी उडत होतीच की. या मजकुरातला सगळ्यात वाईट शब्द ‘900’ नाही, ‘एकटीने’ हा आहे. शेजारच्या सीटवरचा दुसरा पायलट त्यात नाही. रात्री कुडकुडत मशीन तपासणारा तंत्रज्ञ नाही. हेलिकॉप्टर येईपर्यंत चौकीवर जखमीचं रक्त थांबवणारा नर्सिंग असिस्टंटही नाही. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचिनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून 10 जवान गेले, त्यांत माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. ते नर्सिंग असिस्टंटच होते. त्यांच्यावर कुणी फॉरवर्ड केलेला मला तरी आठवत नाही.

शौर्य चक्राचं दोन वाक्यांत. ते मिळालेलं नाही, आणि हे खुद्द गुंजन सक्सेना यांनीच 2020 मध्ये जाहीर लिहिलंय: उत्तर प्रदेशातल्या एका नागरी संस्थेने ‘शौर्य वीर’ नावाचा सन्मान दिला होता, त्याचं लोकांनी चक्र केलं. शिवाय शौर्य चक्र असतं ते शत्रूशी समोरासमोर लढाई नसतानाच्या शौर्यासाठी. युद्धातल्या पराक्रमाला वीर चक्र असतं, एवढं तरी लिहिणाऱ्याने बघायचं.

‘एकमेव’ हेही खोटं. गुंजन उधमपूरच्या ज्या तुकडीत होत्या, त्याच तुकडीत श्रीविद्या राजन याही वैमानिक होत्या. श्रीनगरला गेलेल्या पहिल्या तुकडीत आपण होतो आणि गुंजन येण्याआधीपासून युद्धक्षेत्रात उडत होतो, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘दोघी असल्या म्हणून काय बिघडलं?’ बिघडलं काहीच नाही गं, दुसरीचं नाव घे एवढंच.

रायफलीचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. रायफल आणि पिस्तूल सोबत असायचं. पण ते हेलिकॉप्टर शत्रूच्या हद्दीत पडलंच तर जीव वाचवायला, वरून गोळ्या झाडायला नव्हे. चीता बिनहत्यारी मशीन आहे आणि खालून क्षेपणास्त्रं येत होती. 28 मे 1999 ला तोलोलिंगवर हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं गेलं, आतले चौघेही गेले. ते हल्ल्याला गेलं होतं, जखमी आणायला नाही. पण त्यानंतरही चीता जखमींसाठी त्याच आभाळात जात राहिले. आता या प्रसंगाला तिखटमीठ कशाला लावायचं?

भाचीला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘मामा, पण बाईंनी कागदावर सही केलीये. आता बदलता येत नाही.’

उद्या अर्धी रजा टाकून शाळेत जातोय.