पेव्हर ब्लॉकवरून कोणी देशद्रोही होत नाही

परवा आमच्या गिरगावातल्या सोसायटीच्या ग्रुपवर तळमजल्यावरच्या काकांनी गल्लीतल्या खचलेल्या पेव्हर ब्लॉकचा फोटो टाकला. खाली ओळ: 'साहेबांनी पैसे खाल्ले, दुसरं काय!' अर्ध्या तासात फोटो डिलीट, आणि पाठोपाठ एक फॉरवर्ड हजर: 'सावधान! सरकारी अधिकाऱ्यावर टीका म्हणजे नव्या कलम १५२ खाली देशद्रोह. मजकूर खरा असला तरी सुटका नाही. टिळकांनाही याच कायद्याने मंडालेला धाडलं. ॲडमिनही आत जाईल.'

टिळकांपासूनच सुरुवात करतो, निदान ते नाव तरी बरोबर आहे. त्यांच्यावरचं कलम १२४-अ, म्हणजे राजद्रोहाचं, दंडविधानात १८७० साली घुसवलेलं. १८९७ मध्ये इथल्याच हायकोर्टात न्या. स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावलं की त्या कलमातली 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नाही, एवढाच गुन्हा! १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून सहा वर्षं. ज्युरी सात विरुद्ध दोन. शिक्षा सुनावणारे न्या. दावर हे १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते, हे फॉरवर्डवाल्याला कोण सांगणार? त्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद होत्या, आणि आज त्याच हायकोर्टात टिळकांचे शब्द कोरलेली पाटी आहे. घाबरवायला दाखला निवडला तोही असा.

आता 'याच कायद्याने'. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने १२४-अ आवळलं: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अशांतता माजवण्याकडे कल असेल तरच राजद्रोह. कायद्याने स्थापन झालेलं सरकार वेगळं आणि त्या घडीला कारभार हाकणारी माणसं वेगळी, हेही त्याच निकालात आहे. मे २०२२ मध्ये कोर्टाने ते कलम थंड्या बस्त्यात टाकलं, आणि १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १५२ मध्ये फुटीरता, सशस्त्र बंड, सार्वभौमत्व असे शब्द आहेत. 'सरकारविषयी द्वेष, तुच्छता' हे शब्द गेले. शब्दरचना सैल आहे, मला ती अजिबात आवडत नाही. पण रस्त्याच्या साहेबांचा त्यात मागमूस नाही.

हा गैरसमज हवेतून मात्र आलेला नाही. २०१२ मध्ये मुंबईत एका व्यंगचित्रकारावर राजद्रोह लावला गेला. त्या प्रकरणाच्या निकालानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी मराठीत परिपत्रक काढलं आणि त्यातून लोकसेवक-लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोह ठरेल असा अर्थ निघाला. ओरड झाली, दोनेक महिन्यांत ते मागे घ्यावं लागलं.

'खरं असलं तरी गुन्हा' हे जुन्या इंग्लंडचं तत्त्व: बदनामी जितकी खरी तितकी वाईट. खुद्द इंग्लंडने तो राजद्रोही बदनामीचा गुन्हा २००९ च्या कायद्याने मोडीत काढला. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालानुसार सरकार किंवा स्थानिक संस्था बदनामीची भरपाई मागूच शकत नाही. अधिकाऱ्याला कामाबद्दलच्या टीकेवर भरपाई हवी तर मजकूर खोटा होता आणि खऱ्याखोट्याची फिकीर न करता लिहिला, हे त्याने दाखवायचं.

ॲडमिनबद्दल एवढंच: दुसऱ्याच्या पोस्टसाठी, सामाईक हेतू नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही, असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

खरी धास्ती नव्या संहितेच्या कलम ३५६ ची असावी, फौजदारी बदनामीची. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेने दिलेलं मत त्यातून वगळलंय, पण 'पैसे खाल्ले' हे मत नाही, आरोप आहे. त्याला कागद लागतो. काकांना फोन केला. म्हटलं फोटो परत टाका, तारखेसकट. ती एक ओळ तेवढी काढा. काका म्हणाले, 'मग मजा काय राहिली?'