पार्लरचीच स्टिक आहे हो!

तुम्ही खांद्याला स्वतःच्या स्टिकची लांबडी केस अडकवून पूल पार्लरमध्ये शिरता, सर्रकन चेन उघडता, दोन तुकडे काढून फिरवून फिरवून जोडता, आणि समोरचा जो मगाशी "चल एक गेम" म्हणत होता त्याला एकदम घरून फोन येतो. होतं ना असं? मग तुम्हाला स्नीकी पीटच घ्यायला हवी.

स्नीकी पीट म्हणजे वेषांतर केलेली स्टिक. अमेरिकेतल्या बारमध्ये भिंतीला ज्या कॉमन स्टिका लावलेल्या असतात त्या एकसंध असतात, पुढे फिकट मेपल, मागे गडद लाकूड आणि दोन्ही एकमेकांत घुसलेली, दोन्ही हातांची बोटं गुंतवल्यासारखी, त्यामुळे चार टोकदार सुळके दिसतात. स्नीकी पीट दिसायला अगदी हीच. फक्त मधोमध आत स्क्रू, तिथे ना पितळी रिंग ना नक्षी, लाकडाला लाकूड असं भिडवलेलं की जोड केसाएवढा दिसतो, तोही दिसला तर. तिकडचे पैशांवर खेळणारे लोक ही घेऊन साळसूदपणे यायचे, दोन गेम हरायचे, मग "जरा रक्कम वाढवूया का" म्हणायचे. बाकी साध्या स्टिकवर मेहनत घ्यायची परंपरा जुनीच, जॉर्ज बालाबुश्कासारखा नावाजलेला कारागीरसुद्धा ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट नावाच्या तयार लाकडांवरून स्टिका करायचा. साधी स्टिक भारी करायचे पैसे वेगळे, आणि भारी स्टिक साधी दिसावी याचे वेगळे.

पुणेकराला हे पटायला दोन मिनिटं लागत नाहीत. जिथे तीन फ्लॅटवाला माणूस पंचवीस वर्षं जुन्या स्कूटरवरून मंडईत येतो आणि कोथिंबिरीसाठी हुज्जत घालतो, तिथे स्नीकी पीट खपणार नाही तर कुठे खपणार.

तर घ्या. मी घेतली. किंमत इथे लिहीत नाही कारण हे घरी वाचतात, पण कस्टमवाल्यांनी पण आपला हात धुऊन घेतला एवढं सांगतो.

आता नफ्याचं बघू. तिकडे डॉलर लागायचे, आपल्याकडे काय लागतं? टेबलचं भाडं. लूझर पेज, म्हणजे हरेल त्याने भरायचं. फारच रंगात आलं तर वर दोन चहा आणि एक बनमस्का, आणि तो हरणारा असेल कर्वे रोडचा तर बनमस्का पण अर्धा अर्धा. या हिशोबाने माझी स्टिक साधारण माझ्या मुलाच्या लग्नापर्यंत वसूल होईल. मला अजून मुलगा नाही.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली म्हणून तुम्हाला आधीच सांगतो. ही स्टिक वेषांतर करते ते अमेरिकेतल्या बारचं. आमच्या पार्लरमधल्या स्टिका तशा दिसतच नाहीत! आमच्याकडे सगळ्या स्नूकरच्या जुन्या पिवळट काठ्या, पुढचं टोक बारीक नऊ-दहा मिलिमीटरचं, मागे काळी इन्सुलेशन टेप, टोकावरची चामड्याची टिप फेविक्विकने चिकटवलेली आणि बुडाशी मार्करने ७ किंवा ११ लिहिलेलं. त्यात माझी चार सुळक्यांची, तेरा मिलिमीटर टिपची, तुळतुळीत बाई उभी. म्हणजे गर्दीत मिसळावं म्हणून वेष घेतला तो नेमका दुसऱ्या गावच्या गर्दीचा. तेव्हा घेतल्या घेतल्या काळी टेप गुंडाळा, जीव जळेल पण गुंडाळा, आणि आकडा टाका. फक्त तो आकडा स्टँडवर आधीच नाही ना ते बघा. मी ७ टाकला, आणि स्टँडवर खरी ७ होती.

आणि ती टेबलावर लोळवून बघू नका. पार्लरच्या स्टिका लोळवल्या की केळं गडगडल्यासारख्या उड्या मारत जातात, तुमची गुळगुळीत सरळ जाईल आणि तिथेच खेळ खलास.

अभिनयाचं मात्र टेन्शन घेऊ नका. पहिले दोन गेम मुद्दाम हरायचे असतात. मला यात काहीच अडचण आली नाही. तिसऱ्यालाही आली नाही.

खरं अवघड काय तर गप्प बसणं. तुम्ही नवशिके आहात ना, मग नवशिक्याला काही माहीत नसतं. पण शेजारच्या टेबलावर कोणीतरी म्हणतो "स्नूकर म्हणजे इंग्लंडचा खेळ", आणि तुमच्या आतला पुणेकर उठून उभा राहतो, की नाही हो, १८७५ साल, जबलपूर, नेव्हिल चेंबरलेन नावाचा लष्करी अधिकारी, पंतप्रधान झाला तो नव्हे, हा वेगळा. मग थांबता येत नाही. टिपला घासायचा हा निळा खडू खडू नसतोच, सिलिका असते त्यात, १८९७ चं पेटंट आहे. आणि पंकज अडवाणी, जन्म १९८५, पुणे! (तो घडला बंगळुरूला, पण आपण पुण्यापाशी पूर्णविराम द्यायचा.) एवढं झाल्यावर तुमच्या हातात झाडूचा दांडा असला तरी कोणी तुमच्याशी पैजेवर खेळणार नाही.

आणि समजा गप्प बसलात, तरी मामा आहेतच. मामा म्हणजे आमचे मार्कर, पार्लरमध्ये स्कोअर मांडणारे, तीस वर्षं बॉल लावतायत. मी टेप गुंडाळलेली, ७ लिहिलेली स्टिक घेऊन अगदी बावळट तोंड करून उभा होतो, मामांनी जाता जाता दोन बोटांनी मध्यावर नुसतं टकटक केलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "वा साहेब, जॉइंट लाकडाला लाकूड आहे. टेप कशाला लावली, चांगली वस्तू खराब होते." तेव्हापासून पोरं मला "स्क्रूवाले काका" म्हणतात. मी चौतीसचा आहे.

असो, पण वेषांतर वाया गेलं असं समजू नका, एका ठिकाणी ते शंभर टक्के चालतं. घरी. पहिले सहा महिने मी ती दोन तुकडे करून केसमध्ये घालून न्यायचो आणि जिन्यात जोशीकाकू विचारायच्या "बासरी कुठपर्यंत आली रे?", मी म्हणायचो यमन चालू आहे. एकदा घाईत जोडलेलीच घरी आणली, बायकोने विचारलं ही काय काठी, मी म्हटलं "पार्लरचीच आहे गं, जुनी, टाकून देणार होते." तिचा विश्वास बसला. शंका नाही, काही नाही, टेप बघितली, आकडा बघितला, "बरं" म्हणाली. इतकी शांतता त्या स्टिकने मला कधी दिली नव्हती.

परवा ऑफिसातून आलो तर आई गॅलरीत उभी. वरच्या दोरीवर ओली सतरंजी टाकत होती, काठीचं टोक बरोबर सतरंजीच्या मधोमध, टिपवरून पाणी ठिबकतंय, आणि माझी चाहूल लागल्यावर न वळताच म्हणाली, "ही बरी आणलीस हो. आधीची फार वाकायची."