रोमच्या सोन्यात भेसळ? चूक नाणं पकडलंत

‘रोमन सम्राटांनी सोन्याच्या नाण्यात भेसळ केली, नाण्यावर नुसता स्वतःचा चेहरा मिरवला, शेवटी ते नाणं कुणी घेईना आणि ४७६ मध्ये साम्राज्य कोसळलं.’ हा मजकूर सारखा फिरतोय.

भेसळ झाली ती चांदीत. सम्राट काराकालाने २१५ च्या सुमारास काढलेल्या अँटोनिनियानस या चांदीच्या नाण्यात निम्मीच चांदी होती. २७० पर्यंत ती जेमतेम काही टक्के उरली. सोन्याचं वजन उतरलं, हे खरं. एका रोमन पौंडातून नीरो ४५ नाणी पाडायचा, डायोक्लेशियन ६०, आणि कॉन्स्टंटाइनची सॉलिडस नावाची सोन्याची नाणी ७२, म्हणजे नग साधारण साडेचार ग्रॅमचा. कस मात्र टिकला. कसाची मोठी घसरण थेट अकराव्या शतकातली, ४७६ नंतरही पूर्वेकडे टिकून राहिलेल्या रोमन साम्राज्यातली.

टिकला कसा, ते बघण्यासारखं आहे. करात आलेल्या ढिगात खोटी नाणीही यायची. म्हणून ३६० च्या दशकात कायदा झाला: आलेलं नाणं वितळवा, सोनं शुद्ध करा, मगच पुढे पाठवा. तेव्हापासून नाण्याच्या तळाशी ‘ओबी’ ही अक्षरं दिसतात: ओब्रिझियाकुम, म्हणजे तावून काढलेलं सोनं. ग्रीक आकड्यांत हीच अक्षरं ७२ होतात! लबाडी उरली ती कडा कातरण्याची, आणि ती काट्यावर पकडली जाई. ३६३ मध्ये सम्राट ज्युलियनने त्यासाठी शहरोशहरी अधिकृत तोलणारे नेमले. आजही नग ४.२ ग्रॅम भरला तर आधी कडेचा लेख बघावा, कातरलेल्या नाण्यावर अक्षरांचे माथे उडालेले असतात. एक अपवाद सांगायलाच हवा: ४५८ चा पश्चिमेकडच्या सम्राट मेजोरियनचा कायदा पुऱ्या वजनाचं नाणं नाकारू देत नाही, पण गॉलमधलं (साधारण आजचा फ्रान्स) कमी कसाचं नाणं त्यातून वगळतो.

‘स्वतःचा चेहरा’ही चूक. पाचव्या शतकातला सम्राट दुसरा थिओडोसियस याचं सॉलिडस घ्या: किंचित वळलेलं तोंड, शिरस्त्राण, खांद्यामागे भाला, ढालीवर शत्रूला भोसकणारा घोडेस्वार. त्याच्या आधीचे आणि नंतरचे कितीतरी सम्राट असेच दिसतात. नाव वाचल्याशिवाय ओळख पटत नाही. हे चित्र माणसाचं नव्हे, पदाचं.

आणि ‘कुणी घेईना’? ४७६ नंतर इटलीवर राज्य करणाऱ्या ओडोएकर आणि थिओडोरिक या राजांनी सोन्याची नाणी पाडली ती पूर्वेकडच्या, कॉन्स्टँटिनोपलच्या रोमन सम्राटाच्या नावाने. पाचव्या-सहाव्या शतकातली सॉलिडस कर्नाटकात अक्की आलूरलाही सापडली. दक्षिण भारतात मिळालेल्या अशा कित्येक नाण्यांना सम्राटाच्या डोक्यावर दोन छिद्रं आहेत, शेजारी-शेजारी, म्हणजे दोऱ्यात ओवल्यावर चेहरा सरळ राहतो.