'चिमूटभर पावडर' म्हणणाऱ्या वाचकांस

मागचा लेख चिंचोक्याच्या खळीत नॅनोकण मिसळून बॅटरी आणि सौरघटासाठी घन इलेक्ट्रोलाइटची (आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वाहून नेणाऱ्या पदार्थाची) फिल्म करण्याबद्दल होता. त्याखाली 'बॅटरीवाला' या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो: "चिंचोक्याच्या खळीत चिमूटभर नॅनो पावडर टाकली की बॅटरी होत नाही, साहेब. दमट हवेत मोजलेली वाहकता पाण्याची असते. फिल्म वाळवून मोजली होती का? आणि एकक चुकलंय."

एकक चुकलंय, मान्य. 'प्रति सेंटीमीटर'च्या जागी 'प्रति मीटर' पडलं. शंभर पटींचा फरक आहे म्हणा, पण हात घसरला इतकंच. दुरुस्त केलं, आभार.

पण 'चिमूटभर'? आणि ते खवचट 'साहेब'?

१९९८ साली रोममध्ये रसायनशास्त्रज्ञ स्क्रोसाती यांच्या गटाने पॉलिएथिलीन ऑक्साइड या पॉलिमरमध्ये (लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थात) लिथियमचा क्षार आणि टायटॅनियम डायऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनाचे नॅनोकण मिसळले, वजनाने १० टक्के. चिमूट नव्हे. वाहकता, म्हणजे आयन किती सहज वाहतात त्याचं माप, मिळाली ३० अंशांना १०⁻⁵ आणि ५० अंशांना १०⁻⁴ सीमेन्स प्रति सेंटीमीटर (या वेळी एकक दोनदा तपासलं आहे). एरवी हे पॉलिमर साधारण ६० अंशांखाली आखडतं. साखळ्या हलल्या नाहीत की आयन सरकत नाहीत. मध्ये कण शिरले की साखळ्यांना शिस्तीत रचून बसता येत नाही. शिवाय कणांचा पृष्ठभाग ऋण आयनांना धरतो आणि लिथियम सुटा होतो. कण जास्त झाले तर गुठळ्या होतात, वाहकता पडते. पिठलं ढवळलेल्या कुणालाही हे कळेल. तुम्ही ढवळलं नसेल, तर त्याला पिठलं काय करणार?

आता म्हणाल, ते पॉलिमर पेट्रोलियमचं, चिंचोक्याचं कुठे? चिंचोक्यातल्या झायलोग्लुकनलाही (हाही साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांचा पॉलिमरच) आयन धरायला ऑक्सिजन आहेतच की!

आणि खळीबद्दल मला सांगू नका. वडील इचलकरंजीत सायझिंगवर होते. ताण्याला लावायची चिंचोक्याची खळ त्यांच्या शर्टाला कायम असायची. त्या वासात मी दहावीचा अभ्यास केला. पुढे एमएस्सीच्या प्रकल्पाला हीच खळ घेतली तेव्हाही वर्ग हसला होता. त्यामुळे तुमचं हसणं मला नवं नाही.

सौरघटाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. रसायनशास्त्रज्ञ ग्रॅत्सेल यांच्या १९९१च्या रंगद्रव्य-घटात (रंगद्रव्याने प्रकाश टिपणाऱ्या सौरघटात) द्रव इलेक्ट्रोलाइट होता. त्यात हमखास वापरलं जाणारं अ‍ॅसिटोनायट्राइल ८२ अंशांना उकळतं, झिरपतं, उडून जातं. घन फिल्म हवी ती त्यासाठी. पण पूर्ण लेख वाचायला सवड हवी.

राहिला दमटपणा. हे मुद्दे नेहमी येतात. फिल्म आम्ही अर्थातच वाळवत होतो. विभागात डेसिकेटर (नमुने कोरडे ठेवायचं बंद भांडं) एकच, तोही बहुतेकदा दुसऱ्यांकडे. म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकून स्टीलच्या डब्यात ठेवायचो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच फिल्मचे आकडे जरा वर जायचे, हे खरं आहे. पण आकडे वर जाणं हा दोष कधीपासून झाला?