नीना दावुलुरी आणि ‘स्टेजपुरती संस्कृती’ हा आरोप

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या वऱ्हाडातल्या आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतो आहे. मुकुट घातलेल्या तरुणीचे जुने छायाचित्र आणि त्याखाली सात-आठ ओळी: ही नीना दावुलुरी, ‘भारतीय वंशाची मिस युनिव्हर्स’, जन्म अमेरिकेत, वाढ अमेरिकेत, संस्कृती मात्र स्टेजपुरती, नाचली तीही सिनेमाच्या गाण्यावर, भारतीयपणाचे भांडवल करून मुकुट मिळवला आणि जिंकताच ‘मी आधी अमेरिकन’ म्हणून मोकळी झाली, खरी संस्कृती आपल्या खेड्यातल्या लेकींनी जपली आहे. शेवटी हात जोडलेल्या चिन्हांची रांग आणि ‘पटले तर पुढे पाठवा’ अशी विनंती. पुष्कळांनी पटण्याची वाट न पाहताच पुढे पाठवले, म्हणून हे उत्तर.

नीना दावुलुरी मिस युनिव्हर्स कधीच नव्हती. ती मिस न्यूयॉर्क होती आणि १५ सप्टेंबर २०१३ रोजी अटलांटिक सिटी येथे तिने ‘मिस अमेरिका २०१४’ हा किताब जिंकला. १९२१ साली सुरू झालेली ही स्पर्धा वेगळी आहे. तिची विजेती पुढे जागतिक स्पर्धेला जात नाही, तिला शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते (नीनाला मिळालेली रक्कम पन्नास हजार डॉलर होती) आणि गाणे, वादन, नृत्य असे काही तरी कौशल्य दाखवणे हा स्पर्धेचा ठरलेला भाग असतो. तेव्हा ती स्टेजवर नाचली यात सोंग कसले? तिथे प्रत्येकीला काही ना काही सादर करावेच लागते.

आता मुख्य आरोप. जन्म १९८९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी, हे खरे. पण आईवडील विजयवाड्याचे, घरातली भाषा तेलुगू, आणि अगदी लहानपणचा काही काळ ती विजयवाड्यात आजीजवळच वाढली. पुढे ओक्लाहोमा आणि मिशिगनमध्ये शाळा झाली. कुचिपुडी आणि भरतनाट्यम् शिकली, त्यासाठी सुट्ट्यांत भारतात येत राहिली. जे केवळ मुकुटासाठी आदल्या वर्षी पांघरले असते, त्याच्यासाठी बालपणापासूनच्या सुट्ट्या कोणी खर्ची घालत नाही.

मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे नाही ते असे की, खेड्यात संस्कृती फुकट मिळते. पोळ्याच्या दिवशी गावातल्या पोराला काहीच ठरवावे लागत नाही. बैलांच्या शिंगांना रंग लागतो, तोरण बांधले जाते, झडत्या म्हटल्या जातात आणि ते आपोआप त्या गर्दीत असते. परदेशात ही आयती गर्दी नसते. आमच्याकडच्या ज्या घरांतल्या मुली लग्नानंतर अमेरिकेला गेल्या, त्या घरांत महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी फोन येतात: आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ ताकात किती वेळ भिजवायचे, सोळा भाज्यांपैकी तिकडे अकराच मिळाल्या तर चालतील का, मुखवटे पूर्वेकडे तोंड करून बसवायचे की कसे. इथे हीच कामे चार जावा वाटून घेतात आणि चुकले तर सासूबाई सांगतात. तिथे नोकरी सांभाळून एकटीने करायचे असते. सोहळा कदाचित तोकडा होत असेल, पण ‘दिखाऊ’ हा शब्द नेमका तिच्याच वाट्याला का यावा हे मला कळलेले नाही. दाखवायला तिथे शेजारीपाजारी तरी कुठे असतात?

सिनेमाच्या गाण्यावर नाचली, हा आक्षेप तर मला सर्वांत गमतीचा वाटतो. नीनाने भरतनाट्यम् आणि हिंदी सिनेमातले नृत्य यांची सांगड घातली होती आणि त्या स्पर्धेच्या स्टेजवर असे नृत्य तेव्हा प्रथमच झाले. ‘शुद्ध’ कलेत भेसळ झाली असे म्हणायचे असेल तर ती शुद्ध कला कोणती, हेही सांगावे लागेल. कृष्णा जिल्ह्यातल्या कुचिपुडी गावात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करत. सत्यभामासुद्धा पुरुषच होत असे आणि स्त्रिया त्या नृत्यात सर्रास आल्या त्या विसाव्या शतकात. भरतनाट्यम् देवदासींनी मंदिरांत आणि दरबारांत सांभाळले. त्याचे आजचे नाव आणि प्रतिष्ठित सभागृहांतले रूप रुळले ते १९३० च्या दशकात, जेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यासारख्या उच्चवर्णीय स्त्रीने ते लोकांसमोर केले आणि १९३६ साली कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी केली. त्या वेळीही ‘घरंदाज बाई नाचते’ म्हणून नाके मुरडली गेलीच होती. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने नीनाला जाब विचारला जातो, तीच परंपरा शंभर वर्षांच्या आत पार बदललेली आहे.

एवढे लांब जायचे नसेल तर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला जावे. दिवाळी झाली की तिथल्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) असो की शंकरपट (बैलांची शर्यत), रात्रभर नाटक चालते आणि दोन अंकांच्या मध्ये चालू वर्षातल्या सिनेमागीतांवर नाच होतो. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांच्या काळापासून झाडीपट्टीची रंगभूमी नवे ते उचलत आली आहे आणि म्हणूनच ती तिकिटांवर जगते. ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ म्हणणारे इथेही आहेत. तेही पहिल्या रांगेतले तिकीट आधी काढून ठेवतात. झाडीपट्टीत जे चालते ते अटलांटिक सिटीत का चालू नये?

पुढचा मुद्दा भांडवलाचा. सौंदर्यस्पर्धा हा धंदा आहे, तिथे प्रत्येक स्पर्धक आपल्या जमेच्या बाजू पुढे करते, आणि या स्पर्धांबद्दल मला व्यक्तिशः फारसा आदर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या विशिष्ट स्टेजवर भारतीय वंश ही जमेची बाजू होती, हे म्हणणे त्या स्पर्धेचा इतिहास न वाचता केलेले आहे. १९३० च्या दशकात स्पर्धक ‘श्वेत वंशाची’ असावी असा मिस अमेरिकेचा लेखी नियम होता. पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक त्या स्टेजवर आली ती १९७० साली, आणि व्हेनेसा विल्यम्सच्या रूपाने पहिली कृष्णवर्णीय विजेती १९८३ साली. आशियाई वंशाच्या विजेत्या नीनापूर्वी किती? हवाईची अँजेला पेरेझ बाराकियो, एकच. २०१० च्या जनगणनेत अमेरिकेतील भारतीय वंशाचे लोक सुमारे अठ्ठावीस लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी होते. त्यांच्या टाळ्यांवर कोणी जिंकावे इतके ते नव्हते. नीनाने सांस्कृतिक विविधतेची समज हाच आपला प्रचाराचा विषय घेतला, तो लपवून नव्हे तर जाहीरपणे. त्याचे बक्षीस तिला त्याच रात्री मिळाले: मुकुट डोक्यावर चढतो न चढतो तोच ट्विटरवर तिला ‘अरब’, ‘दहशतवादी’ म्हणणाऱ्यांची झुंबड उडाली. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांचा स्मृतिदिन उलटून चारच दिवस झाले होते. हे भांडवल असेल तर फार तोट्याचे होते.

आणि त्याच आठवड्यात भारतात काय चालले होते, हे मजकुरात आलेले नाही. इथे चर्चा अशी रंगली की, ही मुलगी भारतातल्या स्पर्धेत उतरली असती तर सावळ्या वर्णामुळे पहिल्याच फेरीत बाद झाली असती. त्या चर्चेत दुर्दैवाने तथ्य होते. ‘खेड्यातल्या लेकींनी संस्कृती जपली’ असे लिहिणाऱ्याने आपल्याच गटात फिरणारी लग्नाची परिचयपत्रे उघडून पाहावीत. ‘वर्ण’ या रकान्यात गोरा, निमगोरा, गहूवर्णी एवढेच तीन पर्याय आढळतील. सावळा हा वर्ण आमच्या तालुक्यात जन्मालाच येत नाही, असे कोणालाही वाटावे. बघायला आलेले पाहुणे ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ म्हणतात तेव्हा त्यातला ‘पण’ ती मुलगी वर्षानुवर्षे विसरत नाही. विदर्भकन्या रुक्मिणीने ज्याला पत्र धाडले तो सावळाच होता, आणि कौंडिण्यपुराहून तिची पालखी आजही सावळ्या विठ्ठलाकडेच जाते, पण त्याचा आमच्या सोयरिकींवर काही परिणाम झालेला दिसत नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले. आठवडी बाजारातल्या दुकानात आजही गिऱ्हाईक जुन्याच नावाने मागते आणि दुकानदार न विचारता काढून देतो. नीना या वर्णभेदाविरुद्ध मुकुट उतरल्यावरही बोलत राहिली आहे. मजकूर पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यावर कधी एक ओळ तरी लिहिली?

राहिला ‘मी आधी अमेरिकन’ हा पुरावा. हे ती म्हणाली, पण कधी म्हणाली ते मजकुरात गाळले आहे. तिला परकी ठरवणाऱ्या शिव्यांबद्दल पत्रकारांनी विचारले, तेव्हा आपण या साऱ्याच्या वर उठायला हवे आणि आपण स्वतःला नेहमीच सर्वप्रथम अमेरिकन मानत आलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. ते भारताला नाकारण्यासाठी नव्हते. ‘तू इथली नाहीस’ म्हणणाऱ्या अमेरिकनांना ते उत्तर होते. शिवाय ती अमेरिकेची नागरिक, अमेरिकेच्या एका राज्याची प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्याच स्पर्धेत उतरलेली. तिने दुसरे काय म्हणायला हवे होते? आपले संविधानही दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड व्हिसाची कटकट वाचवते, मतदानाचा हक्क देत नाही. म्हणून तिला ‘गद्दार’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘भारताच्या लेकीने अमेरिका जिंकली’ असे फलक लावणेही चूक, आणि २०१३ साली ते दुसरेही आपण हौसेने केले होते.

वारसा एकीकडचा आणि नागरिकत्व दुसरीकडचे, यात फसवणूक शोधणाऱ्याने गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंच्याला जावे. तिथल्या कितीतरी घरांत नीनाच्या घरासारखीच तेलुगू बोलली जाते, सोयरिकी प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडे तेलंगणात होतात, दर्शनाला लोक पलीकडे कालेश्वरला जातात, आणि मत मात्र अहेरी मतदारसंघात महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी देतात. तेलंगणाने बांधलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे पाणी शेतांत शिरले, तेव्हा याच तेलुगूभाषक शेतकऱ्यांनी महाराष्ट्राचे नागरिक म्हणून आपल्या सरकारकडे मोबदला मागितला, आणि घरी परतून त्याची चर्चा तेलुगूतच केली.